‘उपरथी ऑर्डर छे’ म्हणजे कारण नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब झालंय, कापायचं असेल तर कापा, पण बडोद्याच्या मल्हारराव महाराजांचा भाग आणि शेवटी माहिती अधिकाराच्या कलमाचा भाग तेवढा राहू द्या. त्या दोन गोष्टींसाठीच लिहायला बसले.

मी दांडिया बाजारात राहते, घरीच नववी-दहावीच्या मुलांच्या समाजशास्त्राच्या ट्यूशन घेते, बावीस वर्षं झाली. माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे, वडील गेल्यानंतर तिला सरकारकडून महिन्याची सहाय म्हणजे आर्थिक मदत मिळते, फार मोठी रक्कम नाही पण ती तिची स्वतःची आहे, त्यातून ती औषधं आणते आणि नातवंडांना राखी-दिवाळीला पाकीट देते. ही सहाय मागच्या वर्षी एकदम बंद झाली. एक महिना वाटलं उशीर झाला असेल, दुसऱ्या महिन्यात बँकेत पासबुक भरून आणलं तर एन्ट्रीच नाही, तिसऱ्या महिन्यात मी तिला रिक्षात घालून शहरातल्या एका सरकारी कचेरीत घेऊन गेले. खिडकीपलीकडच्या भाईंनी कॉम्प्युटरवर नंबर टाकला, स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "बेन, बंध थई गयुं छे." मी विचारलं का. म्हणाले, "उपरथी ऑर्डर छे, अमारा हाथमां कंई नथी", म्हणजे वरून हुकूम आहे, आमच्या हातात काही नाही. मी म्हटलं ती ऑर्डर दाखवा. ते म्हणाले ती आमच्याकडे नसते. मग कोणाकडे असते? तर पुन्हा, उपरथी.

ते भाई वाईट नव्हते हो. आईला बसायला खुर्ची दिली, पाणी विचारलं. पण कारण कोणी दिलं नाही, तीन चकरा झाल्या तरी नाही. आईच मला म्हणायला लागली, जाऊ दे गं, मायबाप सरकार आहे, त्यांनी दिलं त्यांनी घेतलं. तिचं ते वाक्य मला फार लागलं. रात्री झोप नाही आली.

आता याच आठवड्यात माझ्याकडे नववीच्या मुलींना फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा चालू होता. त्यात लॉक, रूसो, मॉन्टेस्क्यू ही युरोपातल्या तत्त्वज्ञांची तीन नावं येतात आणि मुलं ती पाठ करतात, कोणी काय म्हटलं ते जोड्या लावा, दोन मार्क. एक मुलगी आहे, हुशार आहे, तिनं सरळ विचारलं, टीचर, हे तीनशे वर्षांपूर्वीचे गोरे लोक, त्यांचं आपल्याला काय करायचंय? आणि मी बावीस वर्षांत पहिल्यांदा गाइडमधलं उत्तर दिलं नाही, तिला आईची गोष्ट सांगितली, "मायबाप सरकार" हा शब्द फळ्यावर लिहिला आणि म्हटलं, लॉकनं एक अख्खा प्रबंध या एका शब्दाच्या विरुद्ध लिहिलाय.

खरंच तसं आहे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट फिल्मर नावाचा एक लेखक होता, त्याचं म्हणणं असं की राजा म्हणजे प्रजेचा बाप, देवानं आदमला घरावर जी सत्ता दिली तीच वारसानं राजांकडे आली, आणि मूल जसं बापाला जाब विचारत नाही तशी प्रजेनं राजाला विचारू नये. जॉन लॉकनं १६८९ च्या अखेरीस जे दोन प्रबंध छापले त्यातला पहिला अख्खा या फिल्मरला खोडून काढण्यात गेलाय, लोक तो वाचत नाहीत कारण कंटाळवाणा आहे, सगळे दुसऱ्यावर उडी मारतात. पण पहिला नसता तर दुसरा उभाच राहिला नसता. बाप आणि सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी सिद्ध करावं लागलं. मग दुसऱ्यात तो म्हणतो की माणसाचा जीव, त्याची मोकळीक आणि त्याची मालमत्ता या गोष्टी सरकारच्या आधीच्या आहेत, त्या सांभाळायला म्हणून लोकांनी संमतीनं सरकार नेमलं, म्हणजे सरकार हे ट्रस्टी झालं, आपण देवस्थानाला ट्रस्टी नेमतो तसं, आणि ट्रस्टीनं विश्वास मोडला तर लोकांना तो बदलता येतो. हे लिहिणं त्या काळी इतकं जोखमीचं होतं की लॉकनं पुस्तकावर आपलं नावच घातलं नाही, ते आपण लिहिलं हे त्यानं कबूल केलं ते मृत्युपत्रात.

मुली गप्प झाल्या. एकीनं विचारलं, म्हणजे आजी सरकारची मुलगी नाही, मालकीण आहे? मी म्हटलं अर्धी बरोबर, मालकीण एकटी नाही, आपण सगळे.

ही गोष्ट मी आमच्या वाड्यातल्या अप्पांना सांगितली. अप्पांचं वय नव्वदच्या घरात, त्यांचे वडील संस्थानच्या नोकरीत होते. अप्पा म्हणाले, "महाराजांच्या वेळी असं नव्हतं. महाराज असते तर तुझ्या आईला चकरा माराव्या लागल्या नसत्या." हे वाक्य बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात ऐकू येतं. मीही लहानपणापासून ऐकलंय, आणि मला महाराज सयाजीरावांबद्दल जो आदर आहे तो कोणापेक्षा कमी नाही. माझी आई मला मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात हात धरून न्यायची, तिथल्या त्या काचेच्या जमिनीवर उभं राहून वर बघितलं की वरच्या मजल्यावरच्या माणसांच्या सावल्या हलताना दिसायच्या, मला वाटायचं पुस्तकांवरून ढग चाललेत. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून ही सगळी व्यवस्था उभी केली, खेड्यापाड्यात पेट्यांमधून पुस्तकं फिरवली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ पासून सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसकट. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असं काही नव्हतं. माझी पणजी शाळेत गेली ती या कायद्यामुळे.

पण अप्पांशी मी पहिल्यांदाच वाद घातला. मी म्हटलं, अप्पा, महाराज चांगले होते म्हणून मिळालं. चांगले नसते तर?

आणि हा "नसते तर" बडोद्याला कल्पनेनं शोधावा लागत नाही. महाराजांच्या आधी गादीवर मल्हारराव होते. त्यांच्या कारभाराबद्दल इतक्या तक्रारी होत्या की ब्रिटिशांनी १८७३ मध्येच चौकशी नेमली होती, त्यात मी त्यांची बाजू घेत नाही, रयतेनं फार सोसलं. पण पुढे काय झालं ते बघा. १८७४ च्या नोव्हेंबरात रेसिडेंट म्हणजे ब्रिटिशांचे बडोद्यातले प्रतिनिधी कर्नल फेअर यांच्या सरबतात सोमल हे विष आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप झाला, आणि मल्हाररावांवर खटला चालवायला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन आपले, म्हणजे ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. मल्हाररावांच्या बाजूनं विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. साक्षीपुरावे झाले, उलटतपासण्या झाल्या. निकाल काय आला? तीन विरुद्ध तीन. इंग्रज सभासद म्हणाले गुन्हा शाबीत, आपले तिघे म्हणाले नाही. आणि तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं. सरकारनं कारण बदललं, म्हणालं आम्ही हे विषप्रयोगासाठी करत नाही, एकंदर गैरकारभारासाठी करतो.

हे मी मुलींना सांगितलं आणि विचारलं, यात चूक कुठे आहे? मल्हारराव चांगले होते की वाईट हा प्रश्न बाजूला ठेवा. फिर्यादी कोण, ब्रिटिश सरकार. कमिशन नेमणारं कोण, ब्रिटिश सरकार. निकाल पटला नाही तर तो बाजूला ठेवणारं कोण, तेच. आणि गादीवरून काढणारंही तेच. इथे मॉन्टेस्क्यू लागतो. हा माणूस फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या कोर्टात मोठा न्यायाधीश होता, आतून बघितलेला होता, आणि वीस वर्षं खपून १७४८ मध्ये त्यानं कायद्यांवरचं त्याचं मोठं पुस्तक काढलं, त्यावरही नाव नव्हतंच. त्याचं म्हणणं साधं आहे. ज्याच्या हातात सत्ता असते तो ती जिथवर हद्द लागेल तिथवर ताणतो, हा माणसाचा स्वभाव आहे, म्हणून व्यवस्थाच अशी लावा की एका सत्तेनं दुसरीला अडवावं. कायदा करणारा वेगळा, राबवणारा वेगळा, न्याय देणारा वेगळा. अमेरिकेच्या लोकांनी १७८७ मध्ये घटना बनवताना त्याला अगदी उशाशी घेतलं होतं, त्या घटनेचा एक शिल्पकार मॅडिसन आपल्या लेखात त्याचं नाव घेऊन बोलतो. आपल्या घटनेत कलम ५० आहे, न्यायव्यवस्था कारभारापासून वेगळी करा असं सांगणारं. आणि बडोद्याच्याच बाबतीत सांगायचं तर हे काम स्वतः सयाजीरावांनी आपल्या राज्यात हाती घेतलं होतं, मुलकी अंमलदाराच्या हातून न्यायाचं काम काढून घ्यायचं, हा माणूस किती पुढचं बघत होता ते कळतं. सूरसागरजवळच्या न्यायमंदिराच्या इमारतीत वर्षानुवर्षं कोर्ट चाललं, आता कोर्ट तिथून गेलं, पण ती इमारत कलेक्टरच्या कचेरीला चिकटून नाही, शहराच्या मधोमध वेगळी उभी आहे, मी मुलींना तिच्यासमोर उभं करून हे दाखवते.

तरी माझा मुद्दा राहतोच की महाराजांनी केलं ते महाराजांनी ठरवलं म्हणून झालं. यावर सगळ्यात कडक शब्द जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचे आहेत. १७९३ च्या एका निबंधात तो लिहितो की बाप जसा मुलांचं भलं ठरवतो तसं प्रजेचं भलं ठरवणारं सरकार, कितीही प्रेमळ असलं तरी, कल्पना करता येईल त्यातली सगळ्यात मोठी हुकूमशाही आहे, कारण त्यात लोक कायम अज्ञान बालकच राहतात. अप्पांना हे वाक्य आवडलं नाही. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा टोचलं होतं. महाराजांसारख्या माणसाला हुकूमशहा म्हणायचं? पण कांट माणसाबद्दल बोलत नाही, नात्याबद्दल बोलतो. माझ्या आईनं जे म्हटलं, दिलं त्यांनी घेतलं त्यांनी, ते याच नात्यातून आलं. देणारा चांगला असला की मेहेरबानी, वाईट असला की जुलूम, आणि घेणारा दोन्ही वेळी हात पसरून उभा.

याच कांटनं १७८४ मध्ये लिहिलं होतं की स्वतःची बुद्धी वापरण्याची हिंमत धर. त्याच लेखात तो म्हणतो, चारी बाजूंनी एकच ऐकू येतं, वाद घालू नका. लष्करी अधिकारी म्हणतो वाद नको कवायत करा, वसुलीवाला म्हणतो वाद नको पैसे भरा, धर्मगुरू म्हणतो वाद नको श्रद्धा ठेवा. मला वाचताना आमच्या खिडकीवरची पाटीच आठवली, कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये.

आता फ्रान्सचं एक सांगते कारण ते मला सगळ्यात जवळचं वाटतं. तिथले राजे जे हुकूम काढायचे त्यांच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असायचं, त्याचा अर्थ असा की "कारण आमची तशी मर्जी आहे". कारण म्हणून मर्जी! आणि राजाच्या सहीची बंद पत्रं निघायची, त्या पत्रात नाव असलेल्या माणसाला उचलून बास्तीच्या तुरुंगात टाकायचं, आरोप नाही, खटला नाही, किती दिवस ते नाही. व्हॉल्टेअर हा लेखक तरुणपणी अकरा महिने आत होता. आता "मर्जी" आणि "उपरथी ऑर्डर" यांत फरक सांगा मला. शब्द बदलला, खुर्ची बदलली, पण ज्याच्यावर हुकूम बजावला त्याला दोन्ही वेळी कारण कळलं नाही ते नाहीच.

म्हणून २६ ऑगस्ट १७८९ चा मानवी आणि नागरी हक्कांचा जाहीरनामा मी मुलींकडून पाठ करून घेत नाही, वाचून घेते. सतराच कलमं आहेत. रूसोनं १७६२ मध्ये लिहिलं होतं की माणूस स्वतंत्र जन्मतो आणि जिकडे तिकडे बेड्यांत आहे, ती भाषा त्यात दिसते, लॉकही दिसतो, सोळाव्या कलमात तर मॉन्टेस्क्यू सरळच आहे, की ज्या समाजात हक्कांची हमी नाही आणि सत्तांची वाटणी नाही त्या समाजाला घटनाच नाही. पण माझं आवडतं कलम पंधरावं. समाजाला प्रत्येक सरकारी नोकराकडून त्याच्या कारभाराचा हिशोब मागण्याचा हक्क आहे. प्रत्येक सरकारी नोकराकडून, म्हणजे खिडकीमागच्या भाईंकडूनही आणि "उपर" जो कोणी बसलाय त्याच्याकडूनही. दुसऱ्याच वर्षी, १७९० मध्ये, ती बंद पत्रं कायद्यानं रद्द झाली.

अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यातसुद्धा मला हेच दिसतं. सगळे जीवित, स्वातंत्र्य, सुखाचा शोध एवढंच सांगतात, पण त्याची सुरुवात बघा, जगाच्या मताचा मान राखायचा तर आम्ही वेगळे का होतोय त्याची कारणं सांगितली पाहिजेत, आणि मग राजाविरुद्ध एकामागून एक सत्तावीस तक्रारी. बंड करणाऱ्यांनीसुद्धा कारणं लिहून दिली!

माझ्या मते या सगळ्या तत्त्वज्ञांचं आपल्यावर जे ऋण आहे ते हे एकच, सत्तेनं कारण दिलं पाहिजे, ते माणसाच्या बुद्धीला तपासता येईल असं पाहिजे, आणि ज्याला तो हुकूम लागू आहे त्याला ते मागता आलं पाहिजे. बाकीचं सगळं, निवडणूक, कोर्ट, विधानसभा, त्याच्याच सोयी आहेत. तुम्हाला हे फार ताणलंय असं वाटेल, पण मला तसंच वाटतं.

आपल्याकडे हे नुसतं पुस्तकात नाही. १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट सरकारनं जमा करून घेतला, त्यांनी कारण विचारलं तर उत्तर मिळालं की जनहितासाठी कारण सांगता येत नाही. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जानेवारी १९७८ मध्ये कोर्टानं सांगितलं की कलम २१ मधली कायद्यानं ठरवलेली पद्धत म्हणजे कसलीही पद्धत नाही, ती न्याय्य आणि वाजवी हवी, माणसाला त्याची बाजू मांडू दिली पाहिजे. अटकेचं घ्या. इटलीतल्या बेकारियानं १७६४ मध्ये लिहिलं की शिक्षेचा वचक तिच्या क्रूरपणात नसतो तर ती नक्की होणार या खात्रीत असतो, आणि गुन्हा शाबीत होईपर्यंत माणसाला छळायचा अधिकार कोणाला नाही. आपल्या कलम २२ मध्ये अटकेची कारणं लवकरात लवकर सांगायची आणि चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं असं आहे, आणि २०२३ मध्ये ईडीच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की कारणं तोंडी वाचून दाखवून भागणार नाही, लेखी द्या. हे एक "लेखी" यायला केवढा काळ गेला बघा.

आता मला विचारणारे विचारतात, आणि बरोबरच विचारतात, की हे तत्त्वज्ञ तरी धुतल्या तांदळासारखे होते का. नव्हते. लॉकचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत गुंतलेले होते. फ्रेंच जाहीरनाम्यात बाईचा हक्क नव्हता, ऑलिंप द गूज हिनं १७९१ मध्ये बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि १७९३ मध्ये तिचं डोकं उडवलं. आणि जॉन स्टुअर्ट मिल, स्वातंत्र्यावरचं सगळ्यात सुंदर पुस्तक ज्यानं १८५९ मध्ये लिहिलं, तो पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, देशी संस्थानांबद्दलचा पत्रव्यवहार बरीच वर्षं त्याच्याकडे होता, म्हणजे आपल्यासारख्या राज्यांच्या फायली त्याच्या टेबलावर असायच्या, आणि त्याच पुस्तकात तो सांगून ठेवतो की हे स्वातंत्र्य मागासलेल्या समाजांसाठी नाही, त्यांच्यावर सुधारण्यासाठी हुकूमत चालवली तर चालेल. मल्हाररावांच्या वेळचं तीन-तीन त्यानंतर सोळाच वर्षांनी झालं. राग येतो वाचून, मला तरी येतो.

पण विचार लिहिणाऱ्याच्या मालकीचा राहत नाही. जोतीराव फुल्यांनी १८४७ मध्ये थॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक वाचलं आणि दुसऱ्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. पेनच्या डोक्यात पुण्यातल्या मुली नव्हत्या, फुल्यांच्या होत्या. लिहिणाऱ्यानं ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांनीच तो विचार घेतला आणि लिहिणाऱ्याला धरून दाखवला, की हे तू म्हटलंस ना, मग आता सगळ्यांसाठी म्हण.

आणि बडोद्यात राहून बाबासाहेबांबद्दल न लिहिता हे पत्र संपवता येणार नाही. १९१३ मध्ये याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि १९१७ मध्ये करार पाळायला इथे नोकरीला आले. एवढा शिकलेला माणूस, महाराजांनी स्वतः पाठवलेला, आणि गावात राहायला जागा कोणी देईना. पारशी धर्मशाळेत राहिले, तिथे जात कळली तेव्हा लोक काठ्या घेऊन आले. मग ते कामाटीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परत गेले. मी त्या बागेत रोज सकाळी चालायला जाते. ज्या राज्याचा राजा अस्पृश्यांसाठी शाळा काढत होता त्याच राज्यात त्या राजाच्या अधिकाऱ्याला रात्र काढायला खोली मिळाली नाही, कारण राजाची मेहेरबानी राजवाड्यापासून धर्मशाळेच्या दारापर्यंत पोचता पोचता संपली. हक्क असता तर त्यांना त्या दारात उभं राहून विचारता आलं असतं, का? आणि न सांगणारा गुन्हेगार ठरला असता. घटनेत अस्पृश्यता बंद करणारं कलम १७ आहे त्यात ते आलं, तेहतीस वर्षांनी.

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतले असं आपण सहज म्हणतो, मीही वर्गात म्हणायचे. १९५४ मध्ये आकाशवाणीवर त्यांनी स्पष्ट सांगितलं की मी ते फ्रान्सकडून उसने घेतलेले नाहीत, माझ्या गुरूकडून, बुद्धाकडून घेतलेत. ही गोष्ट मी आता आवर्जून सांगते, कारण बुद्धीला पटेल तेच घ्या हे सांगणारा आवाज आपल्या मातीत दोन हजार वर्षांहून जुना आहे, युरोपानं त्याला कायद्याचा आकार आणि कोर्टाचा दरवाजा दिला. आणि तेच बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात मिलचं वाक्य घेतात, की माणूस कितीही थोर असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका, आणि पुढे म्हणतात की धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल पण राजकारणात भक्ती हुकूमशाहीकडेच नेते. अप्पांना मी हे भाषण वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "महाराजांनी यांना पाठवलं होतं ना शिकायला. मग बरोबर आहे." मला त्यांचं हे म्हणणं फार आवडलं.

आता आईचं. माहिती अधिकार कायदा २००५ हा सगळे फक्त घोटाळे काढायचा कायदा समजतात. त्याच्या कलम ४ च्या पोटकलम १ मध्ये (डी) म्हणून एक ओळ आहे, की प्रत्येक सरकारी कचेरीनं आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणं त्या निर्णयाचा ज्याच्यावर परिणाम होतो त्या माणसाला द्यायची. अर्ज न करताही द्यायची. राजस्थानातल्या मजुरांनी नव्वदच्या दशकात हजेरीपटाचा हिशोब मागत जी जनसुनावणी आणि धरणी केली त्यातून हा कायदा उभा राहिला, आणि सरकारी कागद लोकांना बघू द्यायचा असा जगातला पहिला कायदा शोधायचा तर १७६६ मध्ये स्वीडनमध्ये सापडतो. मी ते कलम एका कागदावर लिहिलं, आईच्या नावानं साधा अर्ज केला की माझी सहाय कोणत्या तारखेच्या कोणत्या आदेशानं, कोणत्या कारणानं बंद केली ते लेखी द्या, आईनं थरथरत्या हातानं सही केली, अंगठा नाही, सही, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. पंचवीस दिवसांनी पत्र आलं. बँकेच्या खात्यावर आडनावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं, एक ए जास्त, त्यामुळे खातं जुळलं नाही. बस एवढंच. "उपरथी" कोणाची ऑर्डर नव्हतीच. एका एचं कारण होतं आणि ते सांगितलं असतं तर पहिल्या दिवशी दुरुस्त झालं असतं. बँकेत फॉर्म भरला, आधारची झेरॉक्स जोडली, दीड महिन्यात सहाय सुरू झाली, मागचे पैसेही आले.

आई ते पत्र पिशवीत घालून ठेवते, पासबुकाबरोबर.

माझ्या विनंत्या दोनच आहेत. आपल्या दैनिकात ते कलम ४(१)(डी) मराठीत मोठ्या अक्षरात एकदा छापा, म्हणजे ज्येष्ठ माणसं ते कापून ठेवतील. आणि शाळेतल्या शिक्षकांना विनंती की लॉक, रूसो, मॉन्टेस्क्यू शिकवाल त्या दिवशी मुलांना घरून एक सरकारी कागद आणायला सांगा, लाईट बिल, घरवेरा म्हणजे घरपट्टीची पावती, रेशन कार्ड, कोणताही, आणि त्यावर कारण कुठे लिहिलंय आणि कोणाची सही आहे ते शोधायला लावा. माझ्या वर्गात पुढच्या सोमवारी हेच आहे, त्या मुलीनं तिच्या बाबांचा नामंजूर झालेला एक अर्ज आणायचं कबूल केलंय.

आपली,
एक शिक्षिका आणि नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदा